पाणी किती सोडलंय?

आषाढाचा पाऊस एकदा लागला, की खडकवासल्यात माणसे एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत. "पाणी किती सोडलंय?" हा एकच प्रश्न टपरीपासून देवळापर्यंत फिरत असतो. विसर्गाचा आकडा खाली शहरात पोहोचला, की भिडे पूल बुडणार की नाही यावर पुणेकर पैजा लावायला मोकळे होतात. आमच्याकडे मात्र हा आकडा गंमतीचा विषय नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही नेली. तो दिवस पाहिलेली माणसे अजून आहेत.

आमच्या शेजारच्या काकांची सारी नोकरी पाण्याच्या आकड्यांतच गेली. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेल्या संस्थेचे. तेथे नद्यांच्या आणि बंदरांच्या मोठमोठ्या प्रतिकृती उभारतात, त्यांत पाणी खेळवतात आणि वेग, गाळ, लाटा मोजतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, हे काकांनी मला किती वेळा ऐकवले असेल याची गणती नाही. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. आता त्यांचा मोबाईल त्यांच्याशी बोलतो. पडद्यावर बोट फिरवले, की खाली जे लिहिलेले असेल ते यांत्रिक पण स्वच्छ मराठीत वाचून दाखवतो. काका त्याला 'आमचा कारकून' म्हणतात.

२४ जुलै २०२४ च्या रात्री हा कारकून गप्प बसला. नातेवाइकांच्या गटावर कोणीतरी विसर्गाच्या तक्त्याचा फोटो पाठवला होता. विसर्ग वाढणार, नदीकाठच्यांनी सावध राहावे, असे सगळे त्यात होते, पण फोटोत. काकांच्या फोनने सांगितले, "फोटो." दिवसाकाठी असे 'फोटो' वीसएक येतात आणि त्यांतले बहुतेक सुप्रभातचे असतात. काकांनी फोन उशाशी ठेवला. २५ तारखेच्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी जात होते. म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर! सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत आणि आसपासच्या सोसायट्यांत ते शिरले. काकांची धाकटी बहीण त्याच भागात तळमजल्यावर राहते. पहाटे तिचा फोन आला तेव्हा ती जिन्यात उभी होती. माणसे सुखरूप राहिली. गाद्या, फ्रिज आणि नातवाची पुस्तके गेली.

"आकडा माझ्या हातात होता रे," काका नंतर म्हणाले. "नुसता आकडा कळला असता, तरी तिला रात्रीच वर हलवली असती." पाण्याचा आकडा वाचण्यात हयात गेलेल्या माणसाचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

ही हकिकत मोबाईलवरच्या निरोपाची असली, तरी संकेतस्थळांची गोष्ट वेगळी नाही. संगणकावरचे पान मुळात शब्दांचे असते आणि शब्द कानानेही वाचता येतो. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' नावाची पडदा-वाचक प्रणाली लिहायला घेतली. ती आजही फुकट मिळते. त्याआधी अशा प्रणालीला मोजावे लागणारे पैसे आपल्याकडच्या सामान्य अंध विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नव्हते. एनव्हीडीए पान वाचते, मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारते, दुवे मोजून सांगते. अट एकच, की पान करणाऱ्याने मथळ्याला 'मथळा' म्हणून नोंदवलेले असावे. अक्षर नुसते मोठे आणि ठळक केले तर ते आपल्या डोळ्यांना मथळा वाटते. यंत्राला ती इतरांसारखीच एक ओळ. चित्राचेही तसेच. त्यामागे दोन ओळींचे वर्णन लिहिण्याची सोय संकेतस्थळांच्या भाषेत १९९५ पासून आहे. लिहिले तर यंत्र ते वाचते. न लिहिल्यास 'चित्र' एवढेच म्हणते किंवा फायलीचे लांबलचक नाव घोकत बसते.

एका दुपारी मी काकांशेजारी बसून त्यांचा बिल भरण्याचा उद्योग पाहिला. संकेतस्थळ कोणाचे ते सांगत नाही. रकान्यांना नावेच दिलेली नव्हती, त्यामुळे कारकून एकसारखा "रिकामी चौकट, रिकामी चौकट" म्हणत होता. ग्राहक क्रमांक कुठल्या चौकटीत घालायचा? काकांनी अंदाजाने घातला, चुकला, पुन्हा घातला. "बटन", "बटन", "बटन" अशी तीन बटने लागली. त्यांतले पैसे भरण्याचे कोणते आणि रद्द करण्याचे कोणते, हे देवाला माहीत. शेवटी वेडीवाकडी अक्षरे असलेले चित्र आले. ती ओळखून लिहा म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात याची आमची खात्री पटेल, असा त्याचा अर्थ. काका हसले. "माणूस असल्याचा पुरावा म्हणून डोळेच का लागतात यांना?" बिल अखेर मी भरले. एक-दोन चौकटींना नावे देण्याचे काम करणाऱ्याला किती वेळ लागला असता? चहा निवेपर्यंत.

गाव २०२१ साली महापालिकेत गेले. पूर्वी पंचायतीच्या कचेरीत खिडकीपाशी उभे राहून "जरा वाचून दाखवा" म्हणता येत असे. पडद्याला तसे म्हणता येत नाही.

मराठीने या दाराला आपले आणखी एक कुलूप घातले आहे. संगणकावर देवनागरी आणण्यात पुण्याचा वाटा मोठा. १९८८ साली येथे स्थापन झालेल्या सी-डॅकने त्या काळी केलेले काम आजही अभिमानाने सांगावे असे. त्या दिवसांतल्या बहुतेक फाँटांची युक्ती मात्र अशी होती, की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. पडद्यावर आणि कागदावर सुरेख 'पाणी' उमटे. यंत्राच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. छापण्यापुरते ते ठीकच होते, आणि या पुरवणीसारखी मराठी पाने वर्षानुवर्षे तशीच जुळली गेली. कानाने वाचणाऱ्याला मात्र ती खिचडीच ऐकू येते. प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ पासून आहे. ती वापरली, की तेच 'पाणी' यंत्रालाही पाणीच वाटते. एवढे होऊनही आपल्याकडे हौसेने युनिकोडमध्ये टाइप केलेले पत्रक छापतात, त्यावर सही-शिक्का उमटवतात, मग त्याचा फोटो काढून संकेतस्थळावर चढवतात. चांगले वाचता येणारे अक्षर मुद्दाम आंधळे करण्याचा हा उद्योग मला कधीच उमगलेला नाही.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. जगभरासाठी या विषयाचे पहिले नियम १९९९ च्या मे महिन्यात निघाले. त्याच वर्षी सिडनीतल्या ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थाने ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही अशी तक्रार केली आणि २००० साली संयोजकांना त्याबद्दल २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. संकेतस्थळे कशी असावीत हे त्याखालच्या २०१७ च्या नियमांत होते; पण ते सल्ल्याच्या भाषेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. कायदा जे बंधनकारक करतो ते नियम ऐच्छिक करू शकत नाही, म्हणून बंधनकारक मानके आखा, असे सरकारला बजावले. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या खटल्यात ॲसिडहल्ल्यात डोळे भाजलेल्या स्त्रिया होत्या. बँकेच्या ओळख-तपासणीत कॅमेऱ्यापुढे पापणी लववून दाखवा, असे त्यांना सांगितले जात होते!

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत केवळ अंध नाहीत. हात थरथरतो म्हणून माउस धरता येत नाही अशा माणसाला सगळे काम कळफलकावरून व्हायला हवे. ऐकू न येणाऱ्याला चित्रफितीखाली ओळी हव्यात. आणि फिकट करड्या पार्श्वभूमीवर त्याहून जरा गडद करडी अक्षरे छापणाऱ्या कलावंतांविषयी तर काय बोलावे! ती वाचताना चष्मा पुसणारे आपल्यापैकी किती जण असतील, त्यांची नोंद कुठल्याच जनगणनेत नाही.

त्या जुलैनंतर आमच्या सोसायटीच्या गटावर एक पद्धत पडली आहे. तक्त्याचा फोटो कोणीही टाको, त्याखाली मी आकडा आणि वेळ टाइप करतो. परवा घाईत तेवढेच टाकले. दोनच मिनिटांत काकांचा फोन.

"अरे, क्युसेक लिहायचं राहिलं. आणि वेळ सकाळची की संध्याकाळची?"