छोट्या विमानाचे आकडे वाचताना

आपल्या घरात छोटी विमाने बनविण्याचा छंद असलेले कोणी असेल, तर थर्मोकोलचा भुगा आणि डिंकाचे डाग आपल्या परिचयाचे असतीलच. अलीकडे त्यांत संगणकावरील आकड्यांच्या लांबलचक यादीची भर पडली आहे. विमानाच्या पोटातील काड्यापेटीएवढे उड्डाण-नियंत्रक यंत्र या आकड्यांबरहुकूम पंखांवरील पाती हालविते. अर्थ न जाणता ते बदलले, तर महिनाभराची मेहनत मिनिटभरात मातीस मिळते.

ही कल्पना नवी नव्हे. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी याने उडत्या विमानात दोन्ही हात उंचावून दाखविले. त्याचा साथीदार तर पंखावर चालत गेला होता! तोल सांभाळीत होते जायरोस्कोप. पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की याने जहाजाच्या सुकाणूविषयी लिहिताना असे नियंत्रण गणितात मांडले. आजच्या यादीतील पी, आय व डी ही अक्षरे त्याच घराण्यातली.

समजा, विमानाला सेकंदास ६० अंश या गतीने कलण्याची आज्ञा केली आणि ते ४० अंशांनीच कलू लागले. या २० अंशांच्या तुटीच्या प्रमाणात पाते वळविणे हे ‘पी’चे काम. तूट चिकटूनच राहिली, म्हणजे एक पंख जड असला तर राहते तशी, की ‘आय’ तिचा हिशेब साठवीत जाऊन हळूहळू ती भरून काढतो. ‘डी’ बदलाची गती पाहून लगाम खेचतो; मात्र मोटारीची थरथरही त्याला खरी हालचाल वाटते, म्हणून तो बेताचाच ठेवावा. चौथा ‘एफएफ’, म्हणजे फीड फॉरवर्ड. तो चूक होण्याची वाट पाहत नाही. आज्ञा मिळताच अंदाजाने पाते वळवितो. स्थिर पंखांच्या विमानात खरा कारभारी हाच, कारण पाते किती वळविले असता विमान किती गतीने कलेल हे त्याच्या बांधणीने पुष्कळसे ठरलेलेच असते.

परंतु हे नाते हवेतील वेगाबरोबर पालटते. वेग दुप्पट झाला की पात्यावरील हवेचा जोर चौपट होतो. आर्डुपायलट या मुक्त प्रणालीत यासाठी एक संदर्भ-वेग दिलेला असतो. मूळ यादीत तो सेकंदाला १५ मीटर आहे. वेग त्याहून वाढला की यंत्र स्वतःच पात्यांची हालचाल आखडती घेते.

प्रस्तुत लेखकाने एकदा मित्राच्या विमानाचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेतले. त्याचे विमान लांब पंखांचे व संथ, आमचे आखूड व चपळ. पुरती उंची गाठण्याच्या आतच आमच्या विमानाला जणू हिवताप भरला. तत्काळ कळ दाबून नियंत्रण हाती घेतले म्हणूनच ते बचावले.

विमान उतरल्यावर त्याची नोंद उघडून पाहावी. आलेखावर आज्ञेची एक व प्रत्यक्षाची एक अशा दोन रेषा दिसतील. प्रत्यक्षाची रेषा प्रत्येक वळणावर तोकडी पडत असेल, तर एफएफ वाढवावा. ती आज्ञेच्या रेषेभोवती भरभर नागमोडी धावत असेल, तर पी किंवा डी उतरवावा. एका वेळी एकच आकडा, तोही थोडकाच बदलावा.

मात्र उड्डाणापूर्वी यंत्र तोल राखण्याच्या पद्धतीवर ठेवून विमान हातात धरा आणि उजवीकडे कलवा. उजवे पाते खाली व डावे वर गेले पाहिजे. याच्या उलट झाले, तर आकड्यांची यादी मिटून ठेवा आणि आधी पात्यांची दिशा सुधारा.