परिविक्षा अधिकारी: ना पोलीस, ना वकील

‘मी प्रोबेशन ऑफिसर’ अशी ओळख करून दिली की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘कुठल्या बँकेत?’ बँकेतला पीओ स्वतःच परिविक्षेवर असतो. आपल्याकडचे परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाची घरची परिस्थिती न्यायालयाला किंवा बाल न्याय मंडळाला कळवायची आणि अटींवर घरी सोडलेल्यावर देखरेख ठेवायची, हे त्यांचं काम.

‘म्हणजे पोलीसच की!’ हा त्यापुढचा गैरसमज. त्यांना अटकेचा अधिकार नसतो. गुन्हा कोणी, कसा केला हे पोलीस शोधतात. हा मुलगा कुठल्या घरातला, इथवर कसा आला, घरी पाठवला तर सावरेल का, हे अधिकाऱ्याला शोधावं लागतं. बाल न्याय कायदा 2015 नुसार मुलाला ताब्यात घेतल्याचं कळल्यावर दोन आठवड्यांत हा सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे ठेवायचा असतो.

दोन आठवडे पुष्कळ झाले, असं कुणालाही वाटेल. पण मुलाने सांगितलेला पत्ता ‘पाण्याच्या टाकीमागे’ एवढाच असतो. त्याची ओळख फुटू द्यायची नाही, असं कायदा सांगतो. आणि वस्तीत फाइल हातात घेऊन नाव विचारलं की गल्लीभर बोभाटा होतो. म्हणून जाणता अधिकारी फाइल पिशवीत ठेवतो आणि किराणा दुकानात मुलाचं नाही, वडिलांचं नाव विचारतो. घरात आई चहाचं आधण ठेवते आणि पाठमोरीच विचारते, ‘साहेब, त्याला कधी सोडणार?’ ते अधिकाऱ्याच्या हातात नसतं. तो पाहत असतो: दप्तर कुठे पडलंय, मुलगा झोपतो कुठे, कमावतं कोण, पितं कोण, शाळेतली हजेरी कधीपासून तुटली. ऊसतोडीच्या हंगामात तर दाराला कुलूपच सापडतं. आईबाप दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याच्या फडावर, कोपीत. त्यांना गाठेपर्यंत मुदत सरत येते, आणि टेबलावर दुसऱ्या कामांचा अतिरिक्त कार्यभार साचलेला असतो. मग शेजाऱ्याच्या दोन वाक्यांवर ‘परिस्थिती सर्वसाधारण’ लिहून अहवाल उरकला जातो. असा अहवाल मुलावर अन्याय करतो आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्यावरही, असं मला ठामपणे वाटतं.

‘हे लोक आरोपीची बाजू घेतात’ असंही म्हणतात. बाजू मांडायला वकील असतो. प्रतिकूल गोष्टही अधिकाऱ्याला लिहावीच लागते, अगदी त्या आईचा चहा घेऊन आल्यावरसुद्धा.

परिविक्षा फक्त मुलांसाठी असते, हेही खरं नाही. अपराधी परिविक्षा अधिनियम 1958 मोठ्यांनाही लागू आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे त्यातून वगळले आहेत. इतर बहुतेक गुन्ह्यांत न्यायालय जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर माणसाला सोडू शकतं. गुन्हेगार 21 वर्षांच्या आतला असेल, तर त्याला कैद देताना कारणं नोंदवावी लागतात.

‘म्हणजे सुटलाच!’ असं म्हणण्याची घाई करू नये. दोष सिद्ध झालेला असतो, नुकसानभरपाई भरायला लावता येते, आणि अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. ही कल्पनाही दयाबुद्धीपुरती कधी नव्हती. 1841 मध्ये बॉस्टनमधल्या जॉन ऑगस्टस या चर्मकाराने एका दारुड्याचा जामीन घेतला, तेव्हा ठरल्या दिवशी त्याला पुन्हा कोर्टात उभं करण्याची जबाबदारीही अंगावर घेतली होती.

गरज पडल्यास देखरेखीखालच्या माणसाला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं, हेही कायद्याने अधिकाऱ्यावर सोपवलेलं आहे. ते फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यासाठी अधिकारी गॅरेजवाल्यापुढे उभा राहतो. ‘पोरगा हाताला चांगला आहे, ठेवून घ्या,’ एवढं सांगून होतं. गॅरेजवाला विचारतो, ‘तुमचा कोण लागतो?’ खरं सांगितलं तर काम जाणार, ओळखही फुटणार. लपवलं आणि उद्या बाहेरून कळलं, तर पुढच्या पोराला त्या गॅरेजचं दार बंद.