मंगळसूत्राची पुडी

आमच्या गिरगावच्या चाळीतली ताई औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले लावी. ‘लग्न झाले की नोकरी संपली’ हा तिथला नियम! तिचे सासर शेजारच्याच चाळीत. रोज सकाळी आमच्या जिन्यात येऊन ती मंगळसूत्र काढी, पुडीत बांधून माझ्याजवळ देई. सासूला कळू नये, साहेबालाही कळू नये! मी तेव्हा आठ वर्षांची.

मुंबईच्याच एका औषध कंपनीतल्या बायकांचे हेच गाऱ्हाणे पुढे सुप्रीम कोर्टात गेले. विवाहिता फार गैरहजर राहतात, हे कंपनीचे म्हणणे. (आणि पुरुष काय, रजाच घेत नाहीत?) १९६५ साली कोर्टाने तो नियम रद्द ठरविला.

ताईची कागाळी त्याआधीच कुणीतरी केली होती. त्या दिवशी ती दुपारीच पुडी मागायला आली.