माळवदाच्या घरातील खांबांचे आयुष्य

उदगीरच्या जुन्या वस्तीत आणि तालुक्यातील गावांत माळवदाची घरे आजही उभी आहेत. दगडमातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांबांच्या रांगा, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर पसरलेला मातीचा जाड थर अशी त्यांची रचना असते. उन्हाळ्यात गारवा व थंडीत ऊब देणारी ही घरे मराठवाड्याच्या हवामानाला अनुरूप होत. तथापि, डोक्यावरचे ओझे ज्या खांबांनी पेलले आहे, ते आणखी किती वर्षे टिकतील हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

तो विचारावयास हवा, याची जाणीव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने करून दिली. किल्लारी परिसरातील या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ढासळलेल्या दगडी भिंती आणि माळवदाची माती यांखाली बहुतेकांचा अंत झाला. त्याच वेळी असेही आढळून आले की, जेथे माळवदाचा भार भिंतींवर नसून नीट सांधलेल्या लाकडी सांगाड्यावर होता, तेथे काही घरांत भिंती कोसळूनही छत खांबांवर उभे राहिले. सुस्थितीतील खांब हा माणसांचाही आधार ठरला.

वय नव्हे, ओलावा

लाकूड केवळ वयोमानाने कुजत नाही. त्याला कुजविणारी बुरशी असते आणि तिला पाणी लागते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून कमी राहिला, तर ती वाढू शकत नाही. म्हणूनच कोरड्या जागेतील सागवानी खांब शंभर वर्षांनंतरही भक्कम आढळतो.

ओल्या मातीत मात्र हिशेब पालटतो. आपल्या देशात लाकडाचा टिकाऊपणा ठरविताना नमुन्याच्या खुंट्या जमिनीत पुरून त्या किती काळ टिकतात हे पाहिले जाते. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात धरतात. साग पहिल्या वर्गात येतो, तर आंबा व सावर तिसऱ्या वर्गात. म्हणजे उत्तम लाकडाची कसोटीदेखील येथे दहा वर्षांची आहे, शंभर वर्षांची नव्हे. सागातही टिकाऊ असतो तो गाभा. बाहेरचे फिकट लाकूड लवकर किडते. जुन्या कारागिरांनी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केला, त्यामागील मर्म हेच होय.

झाकलेली कूज

खांबाला धोका असतो तो मुख्यतः तीन ठिकाणी: तळाशी, भिंतीत दडलेल्या अंगाला आणि गळक्या माळवदाखाली तुळईच्या टोकाशी. वर्षानुवर्षे जमीन भरून उंच केल्याने तळखडा गाडला जातो व खांब मातीला टेकतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास आत शिरलेल्या ओलाव्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. अशा ओलसर भिंतीतूनच वाळवीही लाकडापर्यंत पोहोचते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतील गाभा पोखरते.

झाकलेल्या लाकडाचा हा धोका घरांपुरता नाही. फायबरग्लासच्या जुन्या मोटारबोटींत तळाला बळकटी देणारे लाकडी वासे त्याच आवरणात बंद केलेले असत. स्क्रूच्या छिद्रातून शिरलेले पाणी तेथे अडकते आणि बाहेरून बोट गुळगुळीत दिसत असताना आतील लाकूड भुसभुशीत होते. भिंतीत चिणलेल्या खांबाची अवस्था याहून निराळी नाही.

पाहणी व उपाय

पाहणीला महागड्या यंत्रांची गरज नाही. हातोडीने ठोकल्यास निरोगी लाकूड खणखणीत वाजते, तर पोकळ लाकडाचा आवाज भद्द येतो. तळाशी दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले, तर लाकूड कुजले आहे असे समजावे. वाळवीच्या मातीच्या नळ्या केवळ पुसून टाकू नयेत, त्या कोठून येतात याचा शोध घ्यावा.

पहिला उपाय पाण्याचा. पावसाळ्यापूर्वी माळवदावरील गवत काढावे, पन्हाळी मोकळ्या कराव्यात आणि तळखडे उघडे करावेत. दुसरा उपाय ओझ्याचा. गळती थांबविण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकण्याच्या प्रथेने थर वाढत जातो. दहा फूट लांब व तितक्याच रुंद खोलीवरील एक फूट मातीचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. जादा माती उतरविणे हे खांबाचे आयुष्य वाढविणेच होय. तिसरा उपाय सांध्यांचा. खांब व तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी आधार घट्ट बसविल्यास सांगाडा आडव्या हिसक्यांना अधिक तोंड देऊ शकतो. कुजलेला तळ कापून नवा तुकडा सांधताना मात्र आधी छताला टेकू द्यावेत आणि हे काम जाणत्या सुताराच्या व अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील माळवदाच्या घरांची यादी करावी. ज्या शाळा, चावड्या व मंदिरे अशाच खांबांवर उभी आहेत, त्यांची पाहणी प्रथम व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तळखडा व वाळवीची नळी दाखविली, तर ही माहिती घराघरांत पोहोचेल. आजोबांनी उभारलेला खांब नातवाच्या काळातही टिकू शकतो. त्यासाठी त्याचा पाया मात्र प्रत्येक पिढीने स्वतः पाहिला पाहिजे.