रात्रपाळी आणि शरीरातले घड्याळ

माझी थोरली बहीण परिचारिका आहे. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची आणि मग रात्रपाळी, असे तिच्या कामाचे चक्र चालते. रात्रपाळी म्हणजे रात्री ८ ते सकाळी ८. मागच्या दिवाळीच्या सुटीत मी चार दिवस तिच्याकडे राहिलो, तेव्हा तिची रात्रपाळीच चालू होती. ताई सकाळी नऊला घरी येई, आंघोळ करून, दोन घास खाऊन अंथरुणावर पडे. बारा तास राबलेले माणूस, संध्याकाळपर्यंत गाढ झोपेल अशी माझी समजूत. पण दुपारी एकच्या सुमारास ताई उठून बसलेली!

"ताई, अजून थोडी झोप ना," मी म्हटले.

"अरे, डोळे चुरचुरतात, अंग ठणकतं, पण झोप म्हणून लागत नाही. आणि पहाटे चारला वॉर्डात मात्र उभ्या उभ्या डुलकी येते."

विद्यार्थी मित्रांनो, ताईच्या या साध्या तक्रारीत विज्ञानातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दमलेल्या माणसाला झोप का येऊ नये?

याचे उत्तर असे की, आपली झोप केवळ थकव्यावर अवलंबून नसते. जागेपणाचे तास वाढतात तसतशी झोपेची ओढ वाढते, हे खरे. पण त्याच्या जोडीला शरीरात एक घड्याळही चालू असते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडे वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. तेच हे घड्याळ. त्याच्या इशाऱ्याने शरीराचे तापमान संध्याकाळी सर्वांत जास्त आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी होते. रात्र झाली की झोपेला पोषक असे मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते, सकाळी ते ओसरते. म्हणजे ताई सकाळी आडवी होते, तेव्हा तिचे शरीर जागे व्हायच्या तयारीत असते!

गुहेतला प्रयोग

हे घड्याळ म्हणजे नुसती सवय तर नव्हे? नाथानिएल क्लाइटमन या शास्त्रज्ञाने १९३८ साली याचा छडा लावायचे ठरवले. एका तरुण विद्यार्थ्याला सोबत घेऊन तो अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिला. तिथे ना सूर्य, ना दिवस-रात्र. दोघांनी २८ तासांचा 'दिवस' पाळायला सुरुवात केली. विद्यार्थ्याच्या शरीराने हे नवे वेळापत्रक बरेचसे स्वीकारले. क्लाइटमनच्या शरीराचे तापमान मात्र २४ तासांच्या तालावरच चढत-उतरत राहिले. निश्चय कितीही पक्का असला, तरी घड्याळ ऐकेलच असे नाही.

दोलक आणि प्रकाशाचा धक्का

भौतिकीच्या भाषेत सांगायचे, तर हे घड्याळ म्हणजे एक दोलक आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर मोजमापांनुसार, बाहेरचा इशारा नसताना त्याचा आवर्तकाल सरासरी २४ तास ११ मिनिटे भरतो. मग ते रोज मागे का पडत नाही? कारण सूर्यप्रकाश त्याला रोज योग्य वेळी धक्का देतो, झोपाळ्याला आपण देतो तसा.

आता आकडे पाहा. भर दुपारच्या उन्हाची प्रदीप्ती सुमारे १,००,००० लक्स असते. रात्री वॉर्डातले दिवे फार तर काहीशे लक्स देतात. शिवाय पाळी संपवून ताई घरी निघते ती सकाळच्या उन्हातूनच. तो प्रकाश घड्याळाला बजावतो, 'दिवस उजाडला!' घड्याळ दिवसाकाठी साधारण तासभर सरकू शकते. रात्रीचा दिवस करायला आठवडाही पुरत नाही, आणि तोवर पाळी बदललेली असते.

यात पणाला काय लागते?

ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. सकाळी सातला उठून रात्री कामावर गेलेली परिचारिका पहाटे चारला २१ तास जागी असते. त्याच वेळी तिला इंजेक्शनची मात्रा मोजायची असते. तिच्या झोपेवर रुग्णाचीही सुरक्षितता अवलंबून असते ती अशी. तिच्या स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली आणि २०१९ साली तो निष्कर्ष कायम ठेवला.

रुग्णालय रात्री बंद ठेवता येत नाही. पण पाळ्यांचा क्रम शहाणपणाने लावता येतो. घड्याळाचा आवर्तकाल २४ तासांहून किंचित जास्त असल्याने उशिरा झोपणे सोपे, लवकर झोपणे अवघड. म्हणून सकाळ, दुपार, रात्र हा क्रम उलट्या क्रमापेक्षा बरा. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्यांची दिशा अशी बदलली आणि पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पालटली. तेव्हा कामगारांचे समाधान वाढले आणि उत्पादनही वाढले, असे १९८२ साली प्रसिद्ध झाले.

घरच्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. शेवटच्या दिवशी आम्ही ताईच्या खिडकीवर जाड काळी चादर टांगली, दाराची घंटा बंद केली आणि कुकरही सकाळी लवकरच लावून घेतला. त्या दिवशी ताई साडेतीनपर्यंत झोपली.

तुम्हीही एक प्रयोग करा. तापमापी घेऊन तीन दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत दर तीन तासांनी आपले तापमान नोंदवा आणि आलेख काढा. जेवण, आंघोळ वा खेळ झाल्यावर लगेच मोजू नका. रेषेचा चढउतार दिसला, की समजा, तुमचे घड्याळ बोलते आहे. आणि शेजारी कोणी रात्रपाळीहून येऊन झोपले असेल, तर दुपारचे क्रिकेट जरा लांबच्या मैदानावर खेळा!