सबवूफर : जमीन व जागा यांचा परिणाम

सुमारे २० ते १०० हर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचा) ध्वनी निर्माण करण्यासाठी खास बनविलेल्या ध्वनिक्षेपकास सबवूफर म्हणतात. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी चित्रपटगृहांत अतिमंद्र ध्वनीची प्रचंड यंत्रणा बसविण्यात आली होती. पुढे घरगुती चित्रपट-दर्शनाबरोबर लहान आकाराचे सबवूफर दिवाणखान्यात आले. मात्र घरात तो कसा ऐकू येईल हे उपकरणापेक्षा खोलीवर आणि तो ठेवलेल्या जागेवर अधिक अवलंबून असते.

याचे कारण तरंगलांबीत आहे. हवेतील ध्वनीचा वेग सु. ३४४ मी./से. धरल्यास २० हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी सु. १७ मी., तर १०० हर्ट्‌झची ३·४ मी. भरते. म्हणजे खोली तरंगापेक्षा लहान किंवा जेमतेम त्याएवढी असते. समोरासमोरच्या भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांत मिसळून स्थिर तरंग निर्माण होतात. दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने ध्वनिवेगास भागले असता त्या दिशेची सर्वांत कमी अनुस्पंदन कंप्रता मिळते. ५ मी. × ४ मी. × ३ मी. मापाच्या खोलीत ती अनुक्रमे सु. ३४, ४३ व ५७ हर्ट्‌झ येते. या कंप्रतांचे स्वर भिंतीलगत घुमतात, तर खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. त्यामुळे एकाच कोचावर बसलेल्या दोघांचे एकाच तबल्याच्या बायाविषयी मतभेद होणे शक्य असते व दोघांचेही म्हणणे खरे असते.

कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर जमीन आणि दोन भिंती यांच्या परावर्तनामुळे सर्वांत मोठा वाजतो. सैद्धांतिक दृष्ट्या प्रत्येक पृष्ठामुळे ध्वनिदाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबेलांची भर पडते. प्रत्यक्षात ती कमी असते. परंतु कोपऱ्यातून खोलीची सर्वच अनुस्पंदने उद्दीपित होत असल्याने घुमणेही वाढते. भिंतीपासून एक मीटर दूर ठेवल्यास परावर्तित तरंग ८६ हर्ट्‌झच्या आसपास मूळ तरंगास विरोधी कलेत भेटतो व तेथे खळगा पडतो. रॉय ॲलिसन यांनी १९७४ मध्ये भिंतींच्या या परिणामाचे विवेचन केले. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवल्यास निरनिराळ्या आसनांमधील फरक बराच घटतो, असे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखविले. एकच सबवूफर असल्यास तो तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवून वाजवावा आणि जमिनीलगत कान नेत खोलीत फिरावे; जेथे स्वर सर्वांत समतोल वाटेल ती त्याची जागा. ध्वनिस्रोत व श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, या व्यतिहारतेच्या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे.

जमिनीविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. गालिचा मंद्र स्वर शोषतो ही समजूत चुकीची आहे. सच्छिद्र पदार्थ परिणामकारक होण्यास त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाशी तुलनीय असावी लागते. ५० हर्ट्‌झला ती सु. १·७ मी. होईल. गालिचा केवळ उच्च कंप्रतांचे परावर्तन कमी करतो, त्यामुळे मंद्र स्वर उलट अधिकच जड भासू शकतात. शहाबादी फरशी की चकचकीत लाद्या, यानेही मंद्र स्वरांत फरक पडत नाही. महत्त्व आहे ते खालच्या बांधणीला. तुळयांवरील लाकडी तक्तपोशी स्वतः कंप पावते, काही ऊर्जा शोषते आणि कंपने पायांना जाणवून देते. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब व विटांच्या भिंती अशी ऊर्जा फारच थोडी घेतात. म्हणून अशा खोलीतील अनुस्पंदने तीव्र व रेंगाळणारी असतात. लाकडी सांगाड्याच्या अमेरिकन घरांसाठी दिलेला सल्ला आपल्याकडील सदनिकेत जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच.

टोकदार धातूचे पाय कंपने अडवीत नाहीत. ते पेटी जमिनीशी घट्ट जोडतात. रबरी बैठक कंपने अडवते, पण पेटीसह तिची नैसर्गिक कंप्रता वाजणाऱ्या स्वराच्या सु. ०·७ पटीहून कमी असेल तरच. ३० हर्ट्‌झसाठी ती २१ हर्ट्‌झच्या खाली हवी. कडक रबराचे पातळ तुकडे या कामी निरुपयोगी ठरतात. शिवाय तावदाने व कपाटाची दारे थरथरतात ती बहुधा हवेतील दाबामुळे, त्यास बैठकीचा इलाज नाही.

शेजाऱ्याचा प्रश्न याहून बिकट आहे. भिंतीची ध्वनिरोधकता कंप्रता निम्मी होताच ढोबळमानाने ६ डेसिबेलांनी घटते, त्यामुळे संवाद भिंतीआड थांबले तरी मंद्र स्वर पलीकडे पोहोचतात. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. परंतु ती ‘ए’ भारित मापनाने ठरते. या मापनात ६३ हर्ट्‌झचा ध्वनी सु. २६, तर ३१·५ हर्ट्‌झचा सु. ३९ डेसिबेलांनी कमी धरला जातो. मापकाचा आकडा मर्यादेत असतानाही पलीकडच्या खोलीतील माणसाची झोप मोडू शकते, ती अशी.