तारणाची खात्री कशावर उभी आहे?

आपल्या तारणाची खात्री मनुष्यास याच जन्मीं बाळगितां येते काय, हा ख्रिस्ती धर्मांतील फार जुना प्रश्न आहे. "माझें तारण झालें आहे" असें कोणी म्हटलें, कीं ऐकणारास तो अहंकार वाटतो. आणि स्वतःच्या पुण्याईवर विसंबून तो असें म्हणत असेल, तर तो अहंकारच होय. परंतु नव्या करारानें ही खात्री निराळ्याच पायावर उभारिली आहे.

ख्रिस्तानें वधस्तंभावर प्राण सोडतांना उच्चारलेला 'तेतेलेस्ताय' हा ग्रीक शब्द योहानाच्या शुभवर्तमानांत आला आहे. कार्य पुरें झालें आणि त्याचा परिणाम कायम राहिला, असा त्या क्रियापदाच्या रूपाचा अर्थ होतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत हीच गोष्ट एका दृष्टांतानें समजाविली आहे. यहुदी याजक रोज उभे राहून तेच तेच यज्ञ करीत. त्यांचें काम कधींच संपत नसे. ख्रिस्त मात्र एकदांच आत्मार्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. म्हणून विश्वासणारानें आपल्या मनाची घडोघडी पालटणारी स्थिति न पाहतां त्या पुऱ्या झालेल्या कार्याकडे पाहावयाचें.

हें बुद्धीस पटलें तरी मनास शांति मिळतेच असें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन स्थापिलें. तरीही आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला पण ख्रिस्त लाभला नाहीं, हें बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं उमगलें, असें त्यांनीं १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे. सत्कृत्यें पुष्कळ होतीं; विसांवा मात्र त्यांत नव्हता.

तारण असें आयतें मिळाल्यास मनुष्य बेफिकीर होईल, ही शंका रास्त आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५४७ सालीं अशा पोकळ भरंवशाचा निषेधच केला. रमाबाईंचें पुढील आयुष्य मात्र या शंकेचें उत्तर आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या, केडगांवीं मुक्तिसदन वसविलें, आणि १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर चालविलें. हे श्रम ऋण फेडण्यासाठीं नव्हते. तें फिटलें आहे, हें कळल्यामुळें होते.